टिटवाळ्याची शकुंतला आणि न्यू यॉर्कचा नाताळ

बहुतेक चित्रपटांचे आयुष्य तिकीटखिडकीवर ठरते; थोड्या चित्रपटांचे मात्र पंचांगावर ठरते, आणि अशा चित्रपटांचा सर्वांत भरभक्कम वर्ग अमेरिकेत नाताळच्या भोवती उभा राहिला आहे. ज्यांची कथा नाताळच्या आदल्या रात्रीपाशी येऊन उलगडते आणि जे दर डिसेंबरात घरोघरी पुन्हा पाहिले जातात, त्यांना तेथे नाताळचे चित्रपट म्हणून ओळखले जाते, आणि त्यांतील अग्रमान फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या कृष्णधवल चित्रपटाला दिला जातो. त्याचा पहिला खेळ २० डिसेंबर १९४६ रोजी न्यू यॉर्कमधील ग्लोब थिएटरात झाला. त्यानंतर एक वर्ष आणि पाच दिवसांनी, म्हणजे २५ डिसेंबर १९४७ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी त्याच शहरातील आर्ट थिएटरात आणखी एक कृष्णधवल चित्रपट लागला. तो मुंबईच्या परळ भागात तयार झाला होता, त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम होते आणि त्याची नायिका होती शकुंतला, जिच्यावर ठाणे जिल्ह्यातील टिटवाळा हे गाव आपला पिढीजात हक्क सांगत आले आहे. या दोन चित्रपटांची पुढे जी गती झाली, ती परस्परांच्या अगदी उलट होती.

टिटवाळा हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील गाव असून कल्याणहून निघालेली लोकल शहाड आणि आंबिवली मागे टाकून तेथे पोहोचते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५४ मध्ये कल्याणला आणि पुढच्याच वर्षी वासिंदला गेला, त्यामुळे काळू नदीकाठचा हा भाग मुंबईच्या आवाक्यात फार लवकर आला. आज मांडा-टिटवाळा या जोडनावाने तो कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत मोडतो. गावाची कीर्ती आहे ती महागणपतीच्या देवळामुळे. स्थलपुराण, म्हणजे एखाद्या क्षेत्राचे माहात्म्य सांगणारी परंपरागत कथा, असे सांगते की दंडकारण्यातील या भागात कण्व ऋषींचा आश्रम होता, दुर्वासांच्या शापामुळे दुष्यंताला शकुंतलेचा विसर पडला, तेव्हा कण्वांच्या सांगण्यावरून तिने येथे गणपतीची स्थापना करून आराधना केली आणि तिला तिचा पती परत मिळाला. जुळता जुळत नसलेले विवाह आणि मोडू पाहणारे संसार या गणपतीच्या दर्शनाने मार्गी लागतात, ही श्रद्धा याच कथेतून आली आहे. थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकिर्दीत पाणीटंचाईमुळे गावच्या तलावातील गाळ उपसला जात असता जुने देऊळ आणि मूर्ती सापडली, ती पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांच्या दृष्टीस पडली आणि मग दगडी देऊळ बांधले गेले, अशी त्यापुढची परंपरा आहे.

या कथेचे वय किती असावे, हे तिच्यातील शापावरून थोडेफार ताडता येते. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत-शकुंतलेची जी मूळ कथा येते, तिच्यात शापही नाही आणि अंगठीही नाही; तेथील राजाला सारे आठवत असते, तो लोकापवादाच्या भीतीने भर दरबारात शकुंतलेला नाकारतो, ती त्याला खडे बोल सुनावते आणि शेवटी आकाशवाणी होऊन तिचे म्हणणे खरे ठरते. दुर्वासांचा शाप, हरवलेली मुद्रिका, माशाच्या पोटातून ती काढणारा कोळी, हा सारा तपशील लोकांपर्यंत पोहोचला तो कालिदासाच्या नाटकातून. टिटवाळ्याच्या कथेत शाप आहे, त्याअर्थी तिचे आजचे रूप कालिदासाचे नाटक सर्वतोमुखी झाल्यानंतरचे असले पाहिजे. ती नाटकाशी तंतोतंत जुळतही नाही. नाटकात आश्रम मालिनी नदीच्या तीरी, हिमालयाच्या पायथ्याशी आहे. शाप उच्चारला जातो तेव्हा कण्व यात्रेला गेलेले असतात, आणि तो कानी पडतो तो केवळ अनसूया आणि प्रियंवदा या दोन सख्यांच्या, शकुंतलेलाही त्याचा पत्ता नसतो. ज्या शापाची तिला खबरच नाही, त्यावर उतारा म्हणून ती गणपती कसा स्थापील, हा प्रश्न नाटकाच्या वाचकाला पडेल. स्थलपुराणाला तो पडत नाही, आणि पडण्याचे कारणही नाही.

मराठी मुलखात शकुंतला केवळ देवळातून आली नाही. ती रंगमंचावरून आणि भिंतीवरच्या तसबिरींतूनही आली. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहिला, आणि तसाच गाण्यांनी भरलेला मराठी खेळ उभा करण्याच्या ईर्ष्येने कालिदासाचे नाटक मराठीत आणले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाची परंपरा तेथून मोजली जाऊ लागली. पुढे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते शकुंतलेच्याच भूमिकेतून. दुसरीकडे राजा रविवर्मा यांनी पत्र लिहिणारी आणि पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला रंगवली, आणि १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत काढलेल्या शिळाछापखान्यातून जे पहिले चित्र छापून बाहेर पडले, ते शकुंतलेच्या जन्माचे होते. दगडाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर एकेका रंगाचा स्वतंत्र ठसा उमटवून तैलचित्राच्या स्वस्त प्रती काढण्याची ही पद्धत होती, आणि तिच्यामुळे ज्या घरांत संस्कृत नाटक कधी शिरले नसते, त्या घरांत शकुंतला भिंतीवर विराजमान झाली. मूकपटांच्या काळात सुचेत सिंग यांनी १९२० मध्ये तिच्यावर चित्रपट काढला आणि नायिका म्हणून डोरोथी किंग्डन या अमेरिकन नटीला उभे केले.

या परंपरेतून शांताराम राजाराम वणकुद्रे यांच्यापर्यंतचा धागा दूरचा नाही. १९०१ मध्ये कोल्हापूरच्या परिसरात जन्मलेले शांताराम बालवयात काही काळ बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्या भागीदारीत कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे चित्रपट दिल्यानंतर भागीदारांशी पटेनासे झाले आणि १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली. त्याआधी युद्धकाळात सरकारने नेमलेल्या फिल्म ॲडव्हायजरी बोर्डाचे, म्हणजे युद्धविषयक माहितीपट काढणाऱ्या मंडळाचे, ते प्रमुख निर्माते झाले होते आणि त्या मंडळाचे अध्यक्ष होते जे. बी. एच. वाडिया. परळच्या लवजी कॅसल या जुन्या वाड्यात वाडिया बंधूंचा स्टुडिओ होता, नादियाचा ‘हंटरवाली’ याच वाडिया मूव्हीटोनचा. तो स्टुडिओ शांतारामांनी घेतला आणि वडील राजाराम व आई कमल यांच्या नावांवरून त्याला राजकमल कलामंदिर हे नाव दिले.

नव्या संस्थेचा पहिला चित्रपट म्हणून ‘शकुंतला’ निवडणे हे धाडस होते आणि हिशेबही होता. देशात ‘चले जाव’ची धामधूम उसळलेली होती, महायुद्धामुळे कच्ची फिल्म परदेशातून येणे अवघड झाले होते आणि सरकारने तिच्या वाटपावर नियंत्रण आणून चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर मर्यादित केली होती. पडद्यावर मिनिटाला सुमारे ९० फूट फिल्म सरकते, त्यामुळे या मर्यादेचा अर्थ दोन तासांपेक्षा थोडा अधिक वेळ एवढाच होत असे, आणि अडीच-तीन तासांच्या सवयीतील निर्मात्यांना कात्री चालवल्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा वेळी कथा प्रेक्षकाला आधीच पाठ असणे हा मोठाच लाभ होता. शकुंतला कोण, दुष्यंत कोण, हे सांगण्यात फूटभर फिल्मही खर्ची घालावी लागणार नव्हती.

शकुंतलेची भूमिका जयश्री यांनी केली. ‘शेजारी’मधून पुढे आलेल्या या अभिनेत्रीशी शांतारामांचा १९४१ मध्ये विवाह झाला होता. दुष्यंत झाले चंद्रमोहन. हिंदी ‘अमृतमंथन’मध्ये त्यांनी राजगुरूची भूमिका केली होती, आणि तिच्यात शांतारामांनी दूरच्या भिंगाने त्यांचा एकच डोळा असा टिपला होता की तो सारा पडदा व्यापून बसे, बुबुळाची किंचित हालचालही शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला जाणवत असे. राजा ओळखीच्या स्त्रीकडे पाहतो आणि त्याच्या नजरेत ओळखीचा लवलेशही उमटत नाही, हा शाकुंतलाचा सर्वांत अवघड क्षण आहे, आणि तो पेलण्यासाठी त्या काळच्या हिंदी पडद्यावर याहून योग्य डोळे क्वचितच सापडले असते. संगीत वसंत देसाई यांचे होते. सावंतवाडीकडून आलेला हा तरुण प्रभातमध्ये पडेल ते काम करत वाढला होता आणि शांतारामांबरोबरच मुंबईला आला होता; संगीतकार म्हणून त्याला पहिले मोठे यश ‘शकुंतला’ने दिले आणि पुढे ‘दो आँखें बारह हाथ’पर्यंत दोघांची जोडी जमली.

चित्रपट १९४३ मध्ये प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात १०४ आठवडे चालला. याच वर्षी ‘किस्मत’ आणि विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हेही चित्रपट गाजले, तेव्हा युद्धकाळात हाती आलेला पैसा आणि करमणुकीच्या साधनांची टंचाई यांनी या यशाला हातभार लावला, हे नाकारता येत नाही. पण दोन वर्षे तेवढ्याने निघत नाहीत. ज्या परळमध्ये हा चित्रपट तयार झाला, त्याच्या चहूबाजूंना गिरण्या होत्या आणि तेथील कामगारांपैकी असंख्य जणांची बायकामुले कोकणात किंवा घाटावर राहत. मनीऑर्डर आणि पत्र यांच्यावर चाललेले ते संसार होते. शहरात गेलेला पुरुष गावाकडच्या बायकोला विसरतो, हे भय त्या वस्तीत पुराणातले राहिले नव्हते. शकुंतलेची कथा त्या प्रेक्षकांना आपलीच वाटली असावी, असे म्हणण्यास या वस्तीच्या रचनेतच पुरेसा आधार आहे.

१९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पूर्ण झाल्यावर शांतारामांनी परदेशातील बाजारपेठेकडे लक्ष वळवले. अमेरिकेत व्यावसायिक पातळीवर दाखवला गेलेला पहिला भारतीय चित्रपट अशी ‘शकुंतला’ची नोंद चित्रपटाच्या इतिहासात सामान्यतः केली जाते, ‘रामराज्य’चा खेळ १९४७ मध्येच न्यू यॉर्कमध्ये आधी झाला होता, पण तो निमंत्रितांपुरता होता. आर्ट थिएटर हे नावाप्रमाणेच कलात्मक आणि परदेशी चित्रपट दाखवणारे छोटेखानी चित्रगृह होते. भारत स्वतंत्र होऊन चारच महिने झाले होते आणि न्यू यॉर्ककरांना भारताविषयी कुतूहल होते ते मुख्यतः गांधी आणि फाळणी यांच्यामुळे. अशा वेळी त्यांच्यासमोर आश्रमातील हरिणे आणि राजदरबार आला. शिवाय निसर्गाने डाव साधला. चित्रपट लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, त्या शहरावर विक्रमी हिमवर्षाव झाला, एका दिवसात सुमारे २६ इंच बर्फ पडून रस्ते बंद झाले आणि मोटारी जागच्या जागी गाडल्या गेल्या. तरीही ‘शकुंतला’ दोन आठवडे टिकला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता काप्रांच्या चित्रपटाकडे वळले असता पहिल्यांदा नजरेत भरते ते कथांचे साम्य. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाला आपली छोटी कथा कोणी छापीना, म्हणून त्याने १९४३ च्या नाताळात, म्हणजे ‘शकुंतला’च्याच वर्षी, ती पुस्तिकारूपाने छापून २०० स्नेह्यांना शुभेच्छापत्र म्हणून पाठवली, तिच्यावरून काप्रांनी चित्रपट उभा केला. छोट्या गावात लोकांना घरबांधणीसाठी कर्ज देणारी पतसंस्था चालवणारा जॉर्ज बेली पैशांच्या घोटाळ्यात विनाकारण अडकतो, नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला निघतो आणि एक देवदूत त्याला तो जन्मलाच नसता तर जग कसे असते ते दाखवतो. त्या जगात त्याला कोणी ओळखत नाही. आई दार लावून घेते, आणि पत्नी मेरी त्याला पाहून किंकाळी फोडून पळते. कालिदासाच्या पाचव्या अंकात शकुंतलेवर जो प्रसंग ओढवतो, तोच येथे एका अमेरिकन गृहस्थावर ओढवला आहे. ओळख परत आल्याची खूणही दोन्हीकडे क्षुल्लक वस्तूचीच आहे. दुष्यंताला माशाच्या पोटातून निघालेली अंगठी मिळते; जॉर्जला खिशात हात घालताच धाकट्या मुलीच्या फुलाच्या गळलेल्या पाकळ्या सापडतात आणि आपण पुन्हा आपल्या जगात आलो, हे त्याला कळते. काप्रांनी कालिदास वाचला होता असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. आपल्या माणसाने आपल्याला न ओळखणे, या भयाला देश नसतो, एवढेच यावरून दिसते.

चित्रपटातील हिमवर्षावाची गंमत सांगण्यासारखी आहे. चित्रीकरण १९४६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात झाले. त्या काळी पडद्यावरचा बर्फ रंगवलेल्या मक्याच्या पोह्यांचा करत आणि नट त्यावरून चालू लागले की कुरकुर आवाज होऊन संवाद नंतर वेगळे मुद्रित करावे लागत. येथे आग विझवण्याच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून तो फवारला गेला, त्याने आवाज केला नाही, आणि या युक्तीला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे तांत्रिक पारितोषिकही मिळाले. धंद्याच्या दृष्टीने मात्र चित्रपट पडला. ऑस्करची पाच नामांकने मिळूनही खर्च निघाला नाही, काप्रांची लिबर्टी फिल्म्स ही नवी संस्था १९४७ मध्ये विकावी लागली. शांतारामांच्या नव्या संस्थेला पहिल्याच चित्रपटाने पायावर उभे केले, काप्रांच्या नव्या संस्थेचा पहिल्याच चित्रपटाने बळी घेतला. १९४७ च्या डिसेंबरात या दोघांपैकी कोणाचा चित्रपट टिकेल असे कोणी विचारले असते, तर कोणत्याही शहाण्या माणसाने परळच्या बाजूने कौल दिला असता.

पारडे फिरले ते एका कारकुनी चुकीने. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क, म्हणजे तो दाखवण्याचा आणि त्याच्या प्रती काढण्याचा कायदेशीर अधिकार, २८ वर्षांसाठी मिळे आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला तर तो वाढवून मिळे. १९७४ मध्ये हक्कधारक कंपनीने हा अर्ज केला नाही. चित्रपट कोणालाही फुकट दाखवता येईल असे दिसताच गावोगावच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी तो डिसेंबरात लावण्याचा सपाटा लावला, आणि १९४६ मध्ये ज्याच्याकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली होती तो चित्रपट पुढच्या पिढीच्या मुलांना नाताळच्या झाडाइतकाच घरचा झाला. चित्रपटाचा हक्क गेला तरी त्यामागील कथेचा आणि संगीताचा हक्क शाबूत आहे, असा दावा करून रिपब्लिक पिक्चर्सने १९९३ च्या सुमारास तो पुन्हा ताब्यात आणला आणि १९९४ पासून त्याचे प्रक्षेपण एनबीसी या एकाच वाहिनीकडे गेले. परंतु तोवर सवय पक्की झाली होती.

‘शकुंतला’च्या वाट्याला अशी पुनरावृत्ती आली नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि जुन्या मराठी चित्रपटांना त्याने दुसरे आयुष्य दिले, पण शांतारामांचा हा चित्रपट हिंदी होता. मराठी चित्रपटांच्या पंगतीत त्याला पान नव्हते आणि हिंदीच्या पंगतीत ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘झनक झनक पायल बाजे’ या शांतारामांच्याच नंतरच्या चित्रपटांची गर्दी होती. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क आता ६० वर्षांचा धरला जातो, त्या हिशेबाने १९४३ चा चित्रपट २००३ अखेर सर्वांसाठी मोकळा झाला; तरीही कोणत्या वाहिनीने त्याचा वार ठरवला नाही. लावायचा तरी कधी, ही अडचण खरीच होती. तुकारामांवरील चित्रपटाला आषाढी मिळते, रामावरील चित्रपटाला रामनवमी मिळते, शकुंतलेच्या नावाची तिथी पंचांगात नाही. त्यातच १९६१ मध्ये शांतारामांनी स्वतःच ‘स्त्री’ या नावाने तीच कथा संध्या यांना नायिका करून रंगीत पडद्यावर आणली आणि ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या स्पर्धेसाठी भारताकडून तीच पाठवली गेली. काप्रांच्या चित्रपटाला १९८० च्या दशकात यंत्राने रंग चढवले गेले, तेव्हा नायक जेम्स स्टुअर्ट यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. ‘शकुंतला’च्या कृष्णधवल रूपावर पडदा टाकणारा हात तिच्या कर्त्याचाच होता, त्यामुळे तक्रार करायला कोणी उरले नाही.

तिथीची ही उणीव टिटवाळ्याने मात्र आपल्या परीने भरून काढली आहे. मंगळवारी येणाऱ्या संकष्टी चतुर्थीला अंगारकी म्हणतात. ती वर्षातून एक-दोनदाच जुळते आणि त्या दिवशी कल्याणच्या पुढच्या लोकल गच्च भरून जातात. ‘स्त्री’ पडद्यावर आल्यानंतर चार-पाच वर्षांनी, १९६५-६६ च्या सुमारास, देवळाचा मोडकळीस आलेला जुना लाकडी सभामंडप काढून मोठा जीर्णोद्धार झाला, आणि लग्न ठरावे म्हणून किंवा ठरलेले टिकावे म्हणून येणाऱ्यांची रांग तेव्हापासून वाढतच गेली आहे. त्या रांगेत शकुंतलेची जी कथा सांगितली जाते, तिच्यात शाप आहे, नवस आहे आणि पुनर्भेट आहे. ज्या दरबारासाठी कालिदासाने पाचवा अंक लिहिला आणि जेथे चंद्रमोहन यांच्या डोळ्यांचा कस लागला, तो दरबार या कथेने साफ गाळला आहे. नाकारली गेलेली शकुंतला नवस बोलायला आलेल्यांना नको असते.